जुना परकर, मोडकी छत्री आणि ३१ ऑक्टोबर

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आलेत, हॅलोवीन. पूर्वी नवरात्र उरकली की बडोद्यात सरळ दिवाळीच्या खरेदीला लागायचं, आता मध्येच हे ३१ ऑक्टोबरचं आलंय, सोसायटीत, शाळेत, ट्यूशन क्लासमध्येसुद्धा, आणि आयांना आठवडाभर आधी ग्रुपवर कळतं की पोरांना भुताचे नाहीतर चेटकिणीचे कपडे घालून पाठवा. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण ती प्रत्येक उत्तरात येणारच आहे: पोशाख कितीही भारी दिसू दे, त्यात पोराला पळता आलं पाहिजे, जिना उतरता आला पाहिजे आणि कोणाला हाक न मारता बाथरूमला जाता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर तो पोशाख अर्ध्या तासात आईच्या हातात येतो आणि पोरगं बनियनवर फिरतं.

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीत ३१ तारखेला पार्टी आहे, मुलगी ६ वर्षांची, तिला चेटकीणच व्हायचंय. ऑनलाइन ड्रेस बघितले तर महाग आहेत आणि कापड अगदीच पातळ प्लास्टिकसारखं वाटतंय. माझ्याकडे शिवणाचं मशीन नाही, फक्त सुईदोरा. काही होईल का? (एक आई, मांजलपूर)

होईल, आणि तुझ्या घरात निम्मं सामान आत्ताच आहे. चेटकिणीला काय लागतं, घेरदार काळं काहीतरी आणि टोपी. एवढं दिसलं की बघणारा ओळखतो, बाकीचं सगळं जास्तीचं.

घेरासाठी नवरात्रीचा चनिया, म्हणजे गरब्याचा घागरा बघ. काळा, जांभळा, गडद हिरवा, कुठलाही चालेल, फक्त आरशांचा फार जड नको कारण तो घालून पोरं दमतात. चनिया नसेल तर तुझा जुना काळा सुती परकर काढ. नाडी ओढून काढायची, त्याच नेफ्यात इलॅस्टिक घालायचं आणि परकर तिच्या काखेखाली छातीवर चढवायचा की झाला फ्रॉक, खांद्यावरून जुन्या ओढणीचे दोन पट्टे शिवून टाक. लांबी जास्त होणार, तर वरच्या बाजूला मोठी टीप घालून उचलून घे आणि खालचा काठ घोट्याच्या चार बोटं वरच ठेव, जिन्यावर पाय अडकतो तो नेमका लांब काठामुळेच. काठ कात्रीने वेडावाकडा दातेरी कापलास तर एकदम जुनाट दिसतो. सुती कापडाचे धागे निघतील, म्हणून कापलेल्या कडेला थोडं पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल बोटाने लावून वाळू दे.

आता टोपी, कारण सगळे तिथेच अडकतात, शंकू एकतर डोक्यावर बसत नाही नाहीतर नाकापर्यंत खाली येतो. मुलीच्या डोक्याचा घेर टेपने माप, कपाळावरून कानांच्या वरून. ६ वर्षांच्या मुलीचा साधारण ५१-५२ सेंमी येतो. त्यात केसांसाठी २-३ सेंमी धर, म्हणजे ५४-५५. आता काळ्या चार्टपेपरच्या एका कोपऱ्यात दोऱ्याला पेन्सिल बांधून ३५ सेंमी त्रिज्येचं पाव वर्तुळ काढ. पाव वर्तुळाची कमान बरोबर ५५ सेंमी भरते, तोच टोपीचा घेर. चिकटवायला एका बाजूला २ सेंमी पट्टी जास्तीची सोड. गुंडाळून चिकटव, शंकू तयार. खालची झालर म्हणजे ३२ सेंमी व्यासाचं वर्तुळ, त्याच्या मधोमध ८ सेंमी त्रिज्येचं छोटं वर्तुळ आखून ते कापून काढायचं आणि त्या आतल्या कडेला पाऊण-पाऊण सेंमीच्या चिरा द्यायच्या, त्या वर दुमडून शंकूच्या आतून चिकटवायच्या. मोठा चार्टपेपर साधारण ५६ बाय ७१ सेंमीचा असतो, त्यात शंकू आणि झालर दोन्ही एकाच कागदात बसतात, दुसरा घ्यावा लागत नाही. टोपीला हनुवटीखाली दोरी लावू नकोस, झालरीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून केसांच्या पिना लाव.

आणि पाठीवर ओढणी किंवा केप सोडणार असलीस तर गळ्याला गाठ अजिबात मारू नकोस. ती झोपाळ्याच्या साखळीत किंवा सायकलीत अडकली तर गाठ सुटत नाही. वेल्क्रोचा दोन बोटांचा तुकडा लाव, ओढ बसली की आपोआप सुटतो. मंगळ बाजारात लेस-बटणाच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळतो.

प्रश्न: माझा मुलगा ८ वर्षांचा, त्याला वटवाघूळ व्हायचंय, आणि मला फक्त एक रविवार मोकळा आहे. शिवणकाम फारसं येत नाही, बटण लावता येतं एवढंच. (एक बाबा, वाघोडिया रोड)

बटण लावता येतं ना, पुरे झालं. घरात पावसाळ्यात मोडलेली काळी छत्री असेल तर ती टाकू नका. छत्रीचं कापड बघा, आठ फाकी, आणि प्रत्येक काडीच्या टोकाशी कापड टोकदार होऊन मध्ये आत वळलेलं, म्हणजे पंखाची कड कापायचं काम कारखान्यातच झालेलं आहे.

काड्यांच्या टोकांशी जे दोरे असतात ते कात्रीने कापा, मधल्या दांड्याशी कापड सोडवा आणि सगळ्या काड्या, टोकं, लोखंड लगेच बाजूला करून टाका, मूल जवळ असताना हे काम नको. आता समोरासमोरच्या दोन शिवणींवरून कापड बरोबर अर्धं कापा. शिवणीला लागून कापलं तर धागे निघत नाहीत, म्हणून फाकीच्या मधून कापू नका. एका अर्ध्या तुकड्याची सरळ बाजू मोठ्या छत्रीत साधारण १ मीटर भरते. ती सरळ बाजू मुलाच्या पाठीवर आडवी धरा, मधला भाग मानेच्या मागे, दोन टोकं दोन्ही हातांवर कोपराच्या खाली येतील. मुलाला काळा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून, हात पसरून उभं करा, सेफ्टी पिनांनी जागा पक्क्या करा, मग टीशर्ट काढून त्या जागी टाके घाला: मानेला एक, दोन खांद्यांना, दोन कोपरांना, दोन टोकांना. प्रत्येक जागी बटणासारखेच चार-पाच टाके. पिना सगळ्या मोजून परत काढा. हात खाली सोडले की पंख मिटतात, पसरले की उघडतात, आणि हात मोकळे राहतात म्हणून खाऊ घेता येतो, धावता येतं. कानांसाठी काळ्या टोपीला फेल्टचे दोन त्रिकोण.

उरलेला अर्धा तुकडा जपून ठेवा, धाकटं भावंड असेल तर त्याचंही वटवाघूळ त्यातच होतं, नसेल तर शेजारच्याला द्या.

एकच लक्षात ठेवा, छत्रीचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं असतं. ते पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. त्यामुळे पंख घालून पणतीजवळ, फुलबाजीजवळ नाहीच जायचं. ज्या वर्षी दिवाळी ३१ च्या आसपास येते त्या वर्षी पोरं हाच पोशाख घालून फटाके उडवायला खाली पळतात, तेव्हा दारात उभं राहून तो आधी उतरवून घ्या. सुती कापडही पेटतं, पण निदान चिकटत नाही.

प्रश्न: मी ७१ वर्षांची आहे, दांडिया बाजारात राहते. नातू भूत होऊन फिरणार म्हणतो. ऐन दिवाळीच्या तोंडावर घरात भुताखेतांचं सोंग आणायचं हे मला पटत नाही. सुनेला काही बोलले तर ती म्हणते आई, हे फक्त मजेसाठी आहे. तुम्हाला काय वाटतं? (एक आजी)

आजी, तुमचं वाटणं मला पूर्ण कळतं आणि ते हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण हे सोंग कुठून आलं ते आधी बघू. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा साउइन नावाचा सण होता, उन्हाळा संपून थंडीचा अंधारा काळ सुरू व्हायचा त्या वेळचा. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे आपल्यात फिरतात असं ते मानायचे, म्हणून वेष बदलायचा, आग पेटवायची. पुढे ख्रिस्ती लोकांनी १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस ठेवला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हे हॅलोवीन. तिथली माणसं १९व्या शतकात अमेरिकेत गेली आणि सण त्यांच्याबरोबर गेला.

आता आपल्याकडे बघा. दिवाळीच्या आदल्या दिवशी आपण नरक चतुर्दशी करतो, पहाटे अंघोळ करून पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, आणि त्याच दिवशी आपल्या शेजारच्या गुजराती घरांत काळी चौदस असते, वडे तळून चार रस्त्यावर ठेवतात, घरातला ककळाट, म्हणजे कटकट-भांडण, बाहेर गेला म्हणतात. अंधाराला, भीतीला वर्षातून एकदा तोंड द्यायचं हे तिकडेही आहे आणि इकडेही. आणि सोंग घेणं तर आपल्याला नवीन नाहीच, बहुरूपी दारात यायचे, दशावतारात राक्षस यायचे, इथे गुजरातेत भवाई आहे.

म्हणून माझं मत असं की भूत होऊ द्या, पण भूत आपलं होऊ द्या, आणि ते तुम्हीच त्याला सांगा. वेताळ, मुंजा, हडळ, चकवा, ब्रह्मसमंध, एवढं सगळं तुम्हाला माहीत आहे, सुनेला कदाचित माहीत नसेल. पिंपळावरचा मुंजा करायला काय लागतं, छोटं पांढरं धोतर किंवा पंचा, डोक्यावर शेंडी आणि हातात पिंपळाची फांदी. शेंडी काळ्या लोकरीची, स्विमिंग कॅपला शिवलेली. त्या दिवशी दहा मुलं ड्रॅक्युला होऊन येतील आणि तुमचा नातू एकटा मुंजा असेल, प्रत्येकजण विचारेल हा कोण आणि त्याला गोष्ट सांगावी लागेल, तर ती त्याला आधी नीट पाठ करून द्या.

एका बाबतीत मात्र तुम्ही हट्ट धरा असं मी म्हणेन. भिकारी, वेडा, कुठल्या जातीजमातीचा माणूस, असली सोंगं नकोत. काही शाळांच्या फॅन्सी ड्रेसमध्ये अजूनही चालतात आणि मला ती बघवत नाहीत. खरी माणसं खाली गेटवरच उभी असतात, ती बघतात. भुताच्या सोंगाने कुणी दुखावत नाही.

प्रश्न: मुलाची स्किन सेन्सिटिव्ह आहे. मागच्या वेळी फेसपेंटने गाल लाल झाले होते. घरी काही करता येईल का? (सुभानपुरा)

येतं. दोन चमचे कॉर्नफ्लोर, एक चमचा त्याला नेहमी चालणारं क्रीम, थोडं थोडं पाणी घालून दाट पेस्ट करा आणि त्यात खाण्याचा रंग थेंबभर. पांढरा हवा असेल तर रंग नकोच, कॉर्नफ्लोरचाच फिका पांढरा येतो. काळ्यासाठी तो नेहमी वापरतो ते काजळ किंवा काजळपेन्सिल. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून २४ तास बघा, लाल झालं, खाज आली तर चेहऱ्याला लावायचंच नाही. लाल खाण्याचा रंग कातडीवर डाग धरून राहतो, दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रक्ताचे ओघळ वगैरे गालावर काढू नका, कपड्यावर काढा.

पोस्टर कलर, ॲक्रिलिक, उरलेला होळीचा रंग, क्राफ्टची चमकी, यांतलं काहीही चेहऱ्याला नको. बाजारातलं कुंकूसुद्धा नको, त्यातल्या रासायनिक रंगाने बऱ्याच जणांना खाज येते. डोळ्याच्या कडा आणि ओठ मोकळे सोडा. काढताना आधी खोबरेल तेल चोळून कापसाने पुसा, मग साबण, उलट केलं तर घासून घासूनच गाल लाल होतात. आणि मागच्या वेळी जे झालं ते खूप सुजलं असेल, पुरळ आलं असेल तर हा प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: माझी ५ वर्षांची मुलगी मास्क बघितला की रडते, तिला टोचणारे कपडेही अजिबात चालत नाहीत, टॅगसुद्धा कापून टाकावे लागतात. सगळ्या मैत्रिणी जाणार आणि ही घरी बसणार याचं वाईट वाटतं. (कारेलीबाग)

तिला घरी बसवायची काहीच गरज नाही, आणि घाबरवणारं काही व्हायचीही नाही. तिकडेसुद्धा मुलं फुलपाखरू, कलिंगड, पोस्टमन काय वाटेल ते होतात.

मी म्हणेन घुबड करा. रात्रीचा पक्षी म्हणून त्या पार्टीत शोभतो आणि आपल्याकडे लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीतही चालतो. मुख्य म्हणजे सगळं मऊ. तिचा रोजचा धुऊन धुऊन मऊ झालेला एक टीशर्ट घ्या, नवीन नको. घरातल्या जुन्या सुती साड्या, तुमचे जुने ड्रेस, तपकिरी, राखाडी, मातकट, पांढरा असे तीन-चार रंग जमवा. एका पुठ्ठ्यावर तुमच्या तीन बोटांएवढा रुंद यू आकार कापून साचा करा आणि कापडाचे तसे भरपूर तुकडे कापा. आता लावायची पद्धत महत्त्वाची, पोटाच्या खालच्या ओळीपासून सुरू करायचं, फक्त तुकड्याची वरची सरळ कड टीशर्टला शिवायची, गोल टोक मोकळं. दुसरी ओळ तिच्या वर, अर्धी पहिलीवर येईल अशी, आणि तुकडे पहिल्या ओळीच्या दोन तुकड्यांच्या मध्ये येतील असे सरकवून, मंगलोरी कौलं असतात तसे. तिसरी त्याच्या वर. गळ्यापर्यंत गेलात की हलली की खरोखरची पिसं हलल्यासारखी दिसतात. टाके सगळे बाहेरून दिसले तरी चालतील पण आतल्या बाजूला गाठी नकोत, गाठ तुकड्याखाली बाहेरच मारा, आणि आतून मऊ मलमलचं अस्तर दोन टाक्यांवर अडकवलं तर तिला दोरासुद्धा लागणार नाही. फॅब्रिक ग्लू इथे वापरू नका, वाळल्यावर कडक होतो आणि तोच टोचतो.

डोळे चेहऱ्यावर नकोत. टीशर्टच्या टोपीवर किंवा हेअरबँडवर दोन मोठे पांढरे गोल, मध्ये काळे. चेहरा पूर्ण तिचा स्वतःचा राहील आणि आरशात बघितलं तरी घाबरणार नाही. पिसं कापताना रंग तिला निवडू द्या, आणि पार्टीच्या आधी दोन-तीन दिवस तो टीशर्ट घरात घालून फिरू द्या. हाताला, नजरेला ओळखीचा झाला की ती स्वतःच मागेल.

प्रश्न: भोपळ्याचा कंदील इथे कसा करायचा? (गोत्री रोड)

खंडेराव मार्केटमधून लाल भोपळा घ्या, बुड सपाट बसेल असा. आपला भोपळा जाड सालीचा असतो, म्हणून कोरायचं काम मोठ्यांनी करायचं आणि मुलांना चेहरा मार्करने काढू द्यायचा, गर चमच्याने काढू द्यायचा. आयर्लंडमध्ये मुळात हे सलगमात कोरायचे, अमेरिकेत भोपळा मोठा आणि कोरायला सोपा मिळाला म्हणून तो आला. बडोद्यात ऑक्टोबरच्या शेवटीसुद्धा दुपारी ३४-३५ डिग्री असतं, त्यामुळे कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांतच वास मारायला लागतो. ३० ला संध्याकाळी कोरा, त्याआधी नको. निघालेल्या गराचे घारगे करा, गूळ घालून, तो फेकू नका.

कोरायचं नसेल तर कुंभाराकडून साधं छोटं मडकं आणून त्यावर काळ्या रंगाने चेहरा काढा. नवरात्रातला भोकांचा गरबा (आत दिवा ठेवतात ते मडकं) मात्र वापरू नका, तो देवीचा आहे, शेजारच्यांना वाईट वाटेल आणि वाटायलाच हवं.

आत एलईडी दिवा ठेवणार असाल तर त्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूचं आहे ना बघा. बटणासारखा चपटा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतच भाजायला लागते, तेव्हा गिळला अशी शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. झाकण सैल असेल तर तो दिवा घरात आणूच नका.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीला असते, नातू ४ वर्षांचा. या वर्षी म्हणते आई, तूच काहीतरी शिवून पाठव. मी ममी करायचं ठरवलंय, ते इजिप्तचं पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत, जुनं धोतर आहे. पण तिकडचं काही माहीत नाही, काय काळजी घेऊ? (रावपुरा)

काकू, जुनं धोतर एकदम योग्य, त्याच्यासारखं कापड विकत मिळत नाही. चहाची पत्ती मोठ्या पातेल्यात उकळून गाळा, धोतर ओलं करून त्यात अर्धा तास बुडवा, अधूनमधून हलवा, सावलीत वाळवा, जुन्या कापडाचा पिवळट-तपकिरी रंग येतो. एकसारखा न आला तर जास्तच चांगलं. मग काठाला कात्रीने छोटा छेद देऊन हाताने टराटरा फाडा, चार-पाच सेंमीच्या पट्ट्या, फाडलेल्या कडेची सुतं तशीच लोंबू द्या.

पट्ट्या अंगाला गुंडाळायच्या मात्र नाहीत, दहा मिनिटांत सुटून पायात येतात आणि बाथरूमला जायची तर सोयच नाही. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि पायजमा असा जोड घ्या, त्यावर आडव्यातिडव्या पट्ट्या शिवा, वरचा वेगळा आणि खालचा वेगळा. पायजम्याला इलॅस्टिकच. शिवताना टीशर्टचं आणि पायजम्याचं कापड थोडं ताणून धरा म्हणजे घालताना टाके तुटणार नाहीत.

आता तिकडचं. तिथली मुलं संध्याकाळी घरोघरी चालत जातात, दारात थांबून खाऊ मागतात, एखाद तासाचं चालणं होतं. त्या तारखेला न्यू जर्सीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गारठा असतो, म्हणजे जॅकेट लागणारच, आणि आयत्या वेळी जॅकेट वरून घातलं की तुमची सगळी मेहनत आत झाकली जाणार. म्हणून पोशाख जॅकेटवरून घालता येईल एवढा मोठा शिवा. पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर पट्ट्यांच्या मध्ये रिफ्लेक्टिव्ह टेप शिवा, सायकलीच्या दुकानात मिळते, गाडीचा उजेड पडला की चमकते. खाऊसाठी उरलेल्या धोतराची पिशवी करा, बंद छोटे, नाहीतर ४ वर्षांच्या मुलाची पिशवी जमिनीला घासते. चेहऱ्याला काही बांधू नका, कपाळावर एक पट्टी पुरे, ती टोपीलाच शिवून टाका.

मुलीला आज फोन करून छाती, बाही आणि पायाची उंची मागवा, आणि मापं नातवाला जॅकेट घालून घ्यायला सांगा.